स्तनपानाचे पॅड : फेकायचे की धुवायचे?

ओला आणि सुका अशा दोन डब्यांची सवय पुणेकरांच्या अंगवळणी पडली आहे. १ एप्रिल २०२६ पासून देशभर लागू झालेल्या घनकचरा व्यवस्थापनाच्या नव्या नियमांनी त्यात आणखी दोन प्रकार वाढवले. एक सॅनिटरी कचरा, दुसरा विशेष काळजीचा कचरा. रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर, उरलेली औषधे ही विशेष काळजीत गेली. वापरलेले डायपर, सॅनिटरी पॅड वगैरे वस्तू नीट गुंडाळून वेगळ्या ठेवायच्या, असे नियम सांगतात.

वारज्यातल्या ज्या घरात तान्हे बाळ आहे, तिथे हा नवा डबा रोज भरतो. डायपर तर असतातच; त्यांच्या जोडीला आता तळहाताएवढे गोल पॅडही त्यात पडू लागले आहेत. दूध गळून ब्लाउज किंवा कुर्ता भिजू नये म्हणून बाळंतीण ते अंतर्वस्त्राच्या आत ठेवते. एके काळी हे काम जुन्या सुती लुगड्याच्या घडीने व्हायचे. आता औषधाच्या दुकानात एकदा वापरून फेकायचे पॅड मिळतात आणि ऑनलाइन ‘धुवा, पुन्हा वापरा’ असे कापडी पॅडही मिळतात. कोणते घ्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा आहे. त्याचे उत्तर मात्र बाळंतिणीच्या त्वचेवर, पावसाळ्यातल्या दोरीवर, कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हातांवर आणि कामाच्या ठिकाणी मिळणाऱ्या पंधरा मिनिटांवर अवलंबून आहे.

दूध का गळते?

मराठीत ‘पान्हा फुटणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे. बाळ ओढू लागले, रडले, कधी नुसती त्याची आठवण झाली तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते. दूधग्रंथींभोवतीच्या सूक्ष्म स्नायुपेशी त्यामुळे आकुंचन पावतात आणि साठलेले दूध नलिकांतून पुढे ढकलले जाते. हे संप्रेरक रक्तातून फिरत असल्याने ते उजवे-डावे पाहत नाही. म्हणून बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूनेही दूध ठिबकते. दूध तयार करण्याचे काम प्रोलॅक्टिन या वेगळ्या संप्रेरकाचे. पहिल्या काही आठवड्यांत शरीराला बाळाच्या मागणीचा अंदाज आलेला नसतो. त्यामुळे कधी स्तन दगडासारखे भरून येतात, कधी कपडे भिजतात. साधारण सहा ते दहा आठवड्यांत मागणी आणि पुरवठा यांचा मेळ बसू लागतो आणि बहुतेक जणींचे गळणे कमी होते. काहींचे त्यानंतरही चालू राहते. तेही नैसर्गिकच.

इथे दोन गैरसमज घराघरांत ऐकू येतात. ‘एवढे वाया जाते, मग बाळाला काय उरते?’ हा पहिला. गळणे थांबले की ‘दूध आटले’ हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. गळण्यावरून दुधाचा अंदाज बांधता येत नाही. बाळाचे वजन नीट वाढते आहे का आणि पाचव्या-सहाव्या दिवसानंतर ते चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करते का, हे खरे मोजमाप. गैरसमजाची किंमत मोठी असते. घाबरलेली आई वरच्या दुधाकडे वळते, बाळ कमी ओढते आणि मग खरोखरच दूध कमी होते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सहा महिन्यांखालच्या ६३.७ टक्के बाळांनाच निव्वळ स्तनपान मिळत होते, आणि जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्के होते. रुग्णालयात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेलेले असतानाचे हे आकडे आहेत. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोहोचते. पुढचा आधार कमी पडतो.

पॅड हा त्या आधाराचा फार छोटा भाग. तरीही चारचौघांत कपड्यावर डाग दिसेल या धास्तीने घराबाहेर न पडणारी किंवा कामावर परतण्याआधीच पाजणे थांबवणारी आई असेल, तर तिच्यासाठी तो छोटा राहत नाही.

त्वचेला काय हवे?

पॅड कोणताही असो, वैद्यकीय दृष्टीने पहिली कसोटी एकच : त्वचा कोरडी राहते का? स्तनाग्राची त्वचा नाजूक असते. तासन्‌तास ओल राहिली की ती पांढरट, फुगीर आणि दुबळी होते. अशी त्वचा बाळाच्या ओढण्याने लवकर सोलवटते. चीर पडली की जंतूंना वाट मिळते. दूध हे जंतूंसाठीही उत्तम खाद्य आहे, त्यामुळे ओला आणि उबदार पॅड बुरशीला पोषक ठरू शकतो. म्हणून पॅड ‘भरला’ की बदलायचा असे नसून ओला लागला की बदलायचा. दिवसातून दोन बदल पुरतात की सहा लागतात, हे ज्या त्या बाईच्या गळण्यावर ठरते.

एकदाच वापरायच्या पॅडमध्ये बहुधा लाकडाच्या लगद्यासोबत सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे बारीक कण असतात. हे कण स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट द्रव शोषून त्याची जेली करतात. पाठीमागे प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. त्यामुळे हा पॅड पातळ राहून बरेच दूध धरतो, आणि वरून कोरडा लागतो. प्रवासात त्याचा फायदा निर्विवाद आहे. उणीव अशी की मागचा पडदा हवा खेळू देत नाही, आणि वरून कोरडा लागल्यामुळे तो पाच-सहा तास तसाच राहून जातो. चिकटपट्टी सुटली, घडी पडली, की त्याची कडा टोचते. सुगंधी पॅड तर टाळलेलेच बरे. सुगंधी द्रव्यांनी नाजूक त्वचेवर पुरळ उठू शकते.

धुऊन वापरायच्या पॅडमध्ये साधारण तीन थर असतात. त्वचेला लागणारा मऊ थर, मधला शोषणारा थर आणि काहींमध्ये बाहेरचा पाणी अडवणारा थर. हा तिसरा थर पॉलियुरेथेनचे अस्तर दिलेल्या पॉलिएस्टर कापडाचा असतो. डाग बाहेर येऊ देत नाही हे खरे, पण ओलही आतच कोंडतो. म्हणून एकाच प्रकारचे डझनभर पॅड घेण्यापेक्षा मिसळ बरी. घरात आणि रात्री अस्तर नसलेले, निव्वळ सुती पॅड. बाहेर जाताना अस्तराचे. उकाड्याच्या दिवसांत हा फरक विशेष जाणवतो.

पॅड फार जाड आणि अंतर्वस्त्र फार घट्ट असेल, तर स्तनाच्या एका भागावर सतत दाब येतो. दाबामुळे तिथले दूध नीट वाहत नाही आणि गाठ येऊन ठणका लागू शकतो. पॅड ठेवल्यावरही अंतर्वस्त्र सैलसर बसले पाहिजे. बाळंतपणात आकार बदलतो हे धरून एक माप मोठे घ्यावे. स्तनाग्राला चीर असेल आणि पॅड चिकटला असेल, तर ओढून काढू नये. कोमट पाण्याने भिजवला की तो अलगद सुटतो. चीर पडण्याचे मुख्य कारण बाळाने स्तन नीट तोंडात न धरणे हे असते. ती पकड सुधारल्याशिवाय कितीही मऊ पॅड घेतला तरी चीर भरत नाही.

‘बांबू’ म्हणजे नेमके काय?

कापडी पॅडच्या पाकिटांवर सध्या सर्वाधिक दिसणारा शब्द ‘बांबू’. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोकणातले किंवा मेळघाटातले बांबूचे बन येते. प्रत्यक्षात असे मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस म्हणजे रेयॉन असते. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यापासून पुन्हा तंतू ओढले जातात. कापड मऊ होते, शोषतेही चांगले. पण बांबूच्या मूळ गुणांचा दावा त्या तंतूला लागू पडत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये अशा कापडाला ‘बांबू’ आणि ‘जंतुरोधक’ म्हणून विकणाऱ्या विक्रेत्यांवर कारवाई केली होती. २०२२ मध्ये दोन मोठ्या साखळी दुकानांना याच प्रकारच्या दाव्यांबद्दल एकूण ५५ लाख डॉलर मोजावे लागले. तेव्हा ‘बांबूचे, म्हणून जंतू होत नाहीत’ हे वाक्य वाचून जास्त पैसे देण्याचे कारण नाही. जंतू दूर राहतात ते धुण्याने आणि वाळवण्याने.

दूधपावडर आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. पॅड त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे त्यांची जाहिरात मोकळी आहे. ‘गळणे’ हा जणू आजार आहे, असा सूर या जाहिरातींत असतो. ज्या बाईचे दूध गळतच नाही, तिला पॅडची गरजच नाही. बाळंतपणाच्या पिशवीत डझनभर पॅड आधीच भरून ठेवण्याऐवजी दोन-तीन जोड्या घ्याव्यात आणि गरज पाहून वाढवाव्यात.

विकत घेण्याआधी पाहायच्या गोष्टी मोजक्याच. पाकिटावर कापडाचे नाव आणि प्रमाण लिहिलेले असावे. शिवण कडेला असावी, मध्यभागी नसावी. रंग जात नसावा. मायक्रोफायबर हे कृत्रिम कापड आत असेल तर चालते, थेट त्वचेला लागलेले नको. ते त्वचेचा ओलावा ओढून तिला कोरडी पाडते. घरी आणल्यावर नवा सुती पॅड दोन-तीनदा धुतला की त्याची शोषणशक्ती वाढते. मग त्यावर चमचाभर पाणी ओतावे. पाणी वरून घरंगळले तर पॅड निकामी. मिनिटभराने टिश्यू दाबल्यावर तो जेमतेम ओला झाला तर पॅड कामाचा.

शिवणकाम येणाऱ्या आजी किंवा मावशी घरात असतील, तर खरेदीचीही गरज नाही. वापरून मऊ झालेले सुती धोतर किंवा साडी घ्यावी, बारा-तेरा सेंटीमीटर व्यासाची वर्तुळे कापावीत. दोन सुती थरांमध्ये टॉवेलच्या कापडाचा एक थर ठेवून कडेने शिवावे. बाहेर जाताना वापरायच्या पॅडला आणखी एक थर वाढवावा. आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या. त्याला ‘रियुजेबल’ हे नाव नंतर मिळाले.

ड्राय बाल्कनीतला ओलावा

धुण्याची पद्धत सोपी आहे. पॅड काढल्याबरोबर गार पाण्यात खळबळून घ्यावा. दुधातली प्रथिने गरम पाण्याने कापडात घट्ट बसतात, म्हणून आधी गार पाणी, मग साबण. नंतर तो नेहमीच्या कपड्यांत, जाळीच्या पिशवीत घालून मशीनमध्ये टाकला तरी चालतो. साबण पूर्ण निघाला पाहिजे. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये. ते धाग्यांवर थर चढवते आणि पॅड शोषेनासा होतो. अस्तराच्या पॅडला ब्लीच आणि कडक इस्त्री चालत नाही. सुती पॅडला इस्त्री जरूर करावी. निरोगी बाळ आणि निरोगी आई असताना रोज पॅड उकळण्याची गरज नसते. बुरशीचा संसर्ग डॉक्टरांनी निश्चित केला असेल, तर मात्र आई आणि बाळ दोघांचे उपचार होईपर्यंत पॅड ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत आणि दर वेळी पूर्ण वाळवावेत.

अडते ते वाळवण्यावर. वारज्यातल्या बहुतेक नव्या इमारतींत स्वयंपाकघराला लागून ‘ड्राय बाल्कनी’ असते. नावात ‘ड्राय’ असले तरी तिथे वॉशिंग मशीन, मोरी आणि झाडू असतो. ऊन येईलच असे नाही. रामनगरसारख्या दाट वस्तीत दोरी दारासमोर असते आणि तिच्यावर बाईचे आतले कपडे घालायचा संकोच वाटतो. मग पॅड टॉवेलखाली किंवा साडीखाली वाळत पडतात. म्हणजे वाळत नाहीत. जून ते सप्टेंबर हवेत ओल इतकी असते की जाड कापड दोन दिवसांतही आतून दमट राहते आणि कुबट वास येतो. हा वास म्हणजे जंतू वाढल्याची खूण. असा पॅड पुन्हा धुवावा, तसाच वापरू नये.

यावर उपाय आहेत. पावसाळ्यात एक जाड पॅड वापरण्यापेक्षा दोन पातळ पॅड एकावर एक ठेवावेत. ते सुटे सुटे लवकर वाळतात. उलगडून वाळवता येणारे घडीचे फडके तर सर्वांत लवकर वाळते. घरात पंख्याखाली वाळवून शेवटी इस्त्री फिरवावी. उन्हाळ्यात पाच-सहा जोड्या पुरत असतील, तर पावसाळ्यात आठ-दहा हाताशी असाव्यात. पाण्याचाही विचार हवा. देखभाल-दुरुस्तीसाठी अधूनमधून गुरुवारी पाणी बंद ठेवले जाते आणि दुसऱ्या दिवशी ते उशिरा, कमी दाबाने येते, हे पुणेकरांना नवे नाही. अशा दिवशी चार एकदाच वापरायचे पॅड घरात असले तर त्यात अपराध वाटून घेण्यासारखे काही नाही. ज्या घरात स्वच्छ पाणी आणि वाळवायला जागा दोन्हींची ओढाताण आहे, तिथे अर्धवट वाळलेल्या कापडी पॅडपेक्षा कोरडा फेकायचा पॅड आरोग्याला बरा.

आणि हे धुणे कोण करते? ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द पाकिटावर छापणे सोपे. रात्री तीनदा उठलेल्या बाईने सकाळी पॅड खळबळत बसणे सोपे नाही. कापडी पॅड घ्यायचे ठरले, तर ते धुण्याचे काम नवऱ्याने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी उचलले पाहिजे, हेही त्याच वेळी ठरावे.

चारशे ऐंशी पॅडचे पुढे काय होते?

दोन्ही बाजूंना मिळून दिवसाला चार पॅड आणि चार महिने वापर, असे धरले तर एका बाळंतपणात ४८० पॅड कचऱ्यात जातात. एका सोसायटीत वर्षभरात दहा बाळे जन्मली तर ४,८००. एका पॅडला दहा रुपये धरले तर प्रत्येक घराचा खर्च ४,८०० रुपये. शंभर रुपयांना जोडी या हिशोबाने दहा कापडी जोड्यांना १,००० रुपये लागतात, आणि त्या पुढच्या बाळंतपणालाही उपयोगी पडू शकतात.

पुण्यात हा कचरा हातांनी हाताळला जातो, हे विसरून चालणार नाही. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेच्या वतीने दारोदार कचरा गोळा करते. या कामात बहुसंख्य स्त्रिया आहेत. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर उघडे मिळणे ही त्यांची जुनी तक्रार. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले सॅनिटरी पॅड थेट उत्पादक कंपन्यांना परत पाठवून निषेध नोंदवला होता. पुढे असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची मोहीमही शहरात झाली. २०१६ च्या नियमांनी उत्पादकांना गुंडाळण्यासाठी पाकिटे पुरवायला सांगितले होते. पण गुंडाळलेला कचरा जायचा सुक्याच्याच डब्यात. म्हणजे तो पुन्हा वेचकाच्या हातातून वेगळा व्हायचा. नव्या नियमांत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले, ही सुधारणा आहे.

२०१६ च्या नियमांतल्या व्याख्येत डायपर, सॅनिटरी नॅपकिन यांच्या पुढे ‘आणि तत्सम कचरा’ असे शब्द होते. स्तनपानाचा पॅड तत्समच आहे. त्यावर रक्त नसले तरी शरीरातला द्रव आहे, आणि त्यातले प्लास्टिक व जेली खतात कुजत नाहीत. ‘दूधच तर आहे’ म्हणून तो ओल्या कचऱ्यात टाकू नये. शौचालयात तर मुळीच नको. जेली फुगून नळ तुंबतो.

कापडी पॅड पर्यावरणाला चांगलाच, असेही सरसकट म्हणता येत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०२३ मध्ये लंगोटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धुऊन वापरायच्या लंगोटांचा हवामानावरचा भार फेकायच्या डायपरपेक्षा सुमारे २५ टक्के कमी आढळला. आणि हा भार मुख्यतः कसे धुता, कसे वाळवता यावर ठरतो, हेही दिसले. मशीन भरून धुणे आणि दोरीवर वाळवणे या दोन गोष्टींत आपल्याकडची घरे आधीच पुढे आहेत. चार पॅडसाठी वेगळे मशीन लावले, तर फायदा पाण्यात जातो.

पॅडने न सुटणारा प्रश्न

वारज्याहून चांदणी चौकमार्गे हिंजवडीला नोकरीसाठी जाणाऱ्या आईचा दिवस प्रवास धरून दहा-अकरा तासांचा होतो. बाळ दर दोन-तीन तासांनी पीत असेल, तर तितक्या वेळात तिचे स्तन तीन-चार वेळा भरून येतात. पॅड बाहेर आलेले दूध टिपतो. आत तुंबलेले मोकळे करत नाही. ते पिळून काढले नाही तर ठणका लागतो, दूध कमी होत जाते, कधी ताप येतो. त्यासाठी वेळ आणि बंद दाराची खोली लागते.

कायद्यात वेळ आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर या तरतुदीही आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला. पण त्याच वारज्यात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ना २६ आठवडे मिळतात, ना पाजण्याची सुटी. तिच्या वाट्याला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये येऊ शकतात. ती महिन्या-दोन महिन्यांत कामाला लागते, म्हणजे गळणे सर्वांत जास्त असण्याच्याच काळात. महागड्या पॅडची जाहिरात तिच्यासाठी नसते. सुती फडक्याची स्वच्छ, कोरडी घडी आणि दुपारी तासभर घरी जाऊ देणारी मालकीण, या दोन गोष्टी तिला जास्त उपयोगी.

खोलीची गोष्टही तशीच. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या गवळणीचे नाव राज्याने स्तनपानाच्या खोल्यांना दिले. हिरकणी कक्ष एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत झाले. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधान भवनात अशा खोलीची चर्चा झाली. पुढच्याच अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईतल्या त्या कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांना तक्रार करावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने सार्वजनिक ठिकाणच्या स्तनपान कक्षांबाबत केंद्राच्या सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असे सांगितले आणि सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कलंक मानू नये, अशी आठवण नागरिकांनाही करून दिली. खोलीवर पाटी लावणे ही सुरुवात. आत खुर्ची, कडी, पाणी आणि सॅनिटरी कचऱ्याचा डबा असला की ती खोली कामाची.

डॉक्टरकडे कधी जावे?

स्तनाचा एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला, अंगात ३८.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप भरला, थंडी वाजली, तर तो स्तनदाह असू शकतो. अशा वेळी पाजणे थांबवू नये. ते दूध बाळाला चालते. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेने २०२२ मध्ये याबाबतच्या सूचना बदलल्या. जोरजोरात चोळून गाठ मोडणे आणि सारखे पिळून ‘पूर्ण रिकामे’ करणे यामुळे सूज वाढते, असे त्या सांगतात. थंड शेक, नेहमीइतकेच पाजणे आणि डॉक्टरांनी दिलेले सूज-वेदना कमी करणारे औषध यांनी चोवीस तासांत उतार पडला नाही, तर प्रतिजैविकाची गरज आहे का हे डॉक्टर ठरवतील. त्यासाठी पॅड नेहमीपेक्षा लवकर बदलावेत आणि घट्ट कपडे टाळावेत.

पॅडवर रक्ताचा डाग वारंवार दिसणे, न जाणारी गाठ, एकाच स्तनाग्रावर बरा न होणारा इसबासारखा चट्टा, किंवा पाजणे बंद करून सहा महिने उलटल्यावरही दूध येत राहणे, या गोष्टींचे कारण पॅडच्या प्रकारात शोधू नये. त्यांची तपासणी हवी.

बाकी बहुतेक जणींसाठी उत्तर मधल्या वाटेवर आहे. घरी धुतलेला, उन्हात वाळलेला सुती पॅड. प्रवासाला आणि पाणी नसलेल्या दिवशी एखादा फेकायचा, गुंडाळून वेगळ्या डब्यात. दूध स्थिरावल्यानंतर चारचौघांत अचानक पान्हा फुटला, तर हाताची घडी घालून तळव्यांनी स्तनांवर हलका दाब मिनिटभर दिला की तो बरेचदा थांबतो. आणि कुर्त्यावर डाग पडलाच, तर तो दुधाचा डाग आहे. पाहणाऱ्याने नजर वळवावी, जमल्यास ओढणी किंवा बसायला जागा द्यावी.